गाळून घेतलेली बिअर

आत्तीच्या घरात कांदा नव्हता. लसूण नव्हता, बटाटा नव्हता. गाजर, मुळा, बीट, रताळं, जमिनीच्या पोटात वाढणारं काही म्हणजे काहीच उंबऱ्याच्या आत येत नसे. आम्ही जैन, त्यामुळे शिरोळला आमच्या घरीही हे सगळं वर्ज्यच होतं. पण तिकडे पोरंबाळं, गडीमाणसं, येणारेजाणारे, नियमाला कुठे ना कुठे फट राहायचीच. अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजारच्या दिवशी बाहेर कांदाभजी खाऊन येतात हे अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, पक्कं ठाऊक असायचं आणि ती तेवढ्यापुरती आंधळी व्हायची. आत्तीकडे तसलं काही चालायचं नाही. ती अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. मूलबाळ नाही, नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला, आणि मंगळवार पेठेतल्या तीन खोल्यांच्या घरात ती एकटी. मला कोल्हापुरात कॉलेजात घातलं तेव्हा अण्णांनी माझी ट्रंक तिच्या पुढच्या खोलीत ठेवली आणि म्हणाले, “आक्का, पोरगी तुझ्या हवाली.” आत्तीने आधी ट्रंकेवरची धूळ पुसली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “दिवस मावळायच्या आत जेवतीस न्हवं?”

दिवस मावळायच्या आत जेवण हा त्या घराचा कणा होता. पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसायचा नाही, तर ती समोरच्या घरच्या म्हशींवरून वेळ ठरवायची. संध्याकाळच्या धारांसाठी तिथे बादल्या वाजल्या की हिचं पाणीसुद्धा बंद. पाणी म्हणजे तरी काय, एक मोठाच सोहळा. दुहेरी जाड फडक्यातून ते गाळायचं आणि ते फडकं उलटं करून, त्यात अडकलेला न दिसणारा जीव पुन्हा पाण्यात जावा म्हणून हलक्या हाताने खंगाळायचं. कोळसे शेगडीत घालण्याआधी एकेक आपटून बघायचे, आत मुंगी नको. मी विज्ञान शिकणारी पोरगी, मला पहिल्या आठवड्यात हसू यायचं. दुसऱ्या महिन्यात माझे हात आपोआप तसे चालू लागले. मैत्रिणीच्या घरी एकदा पाण्याचा पेला हातात घेतला आणि वर धरायला फडकं शोधू लागले, तेव्हा तिची आई पोट धरून हसली होती.

आत्तीच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. गुळाची अडत होती त्यांची. त्यांच्याविषयी आमच्या घराण्यात एकच वाक्य बोललं जायचं, “माणूस भला होता,” आणि मग कोणीतरी पावसाचा नाहीतर उसाचा विषय काढायचं. त्यांचा तपकिरी कोट पुढच्या खोलीत खुंटीला होता. आत्ती तो कधी झटकत नसे आणि काढतही नसे. ती त्यांच्यासाठी रडलेली कोणी पाहिली नव्हती. अव्वा म्हणायची, दगड आहे दगड.

मी तिथे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आषाढात आत्तीला ताप आला. पंधरा दिवसांनी ताप उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. भाकरी तिला माती लागायची, भात लाकडाचा भुसा. त्यात चातुर्मास सुरू झालेला. पालेभाजी बंद आणि एकासनाचा नियम, म्हणजे दिवसातून एकदाच बसायचं, त्या एका बैठकीत जे पोटात जाईल ते. ती चार वाजता बसायची आणि चार घास चिवडून उठायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर आले, नाडी पाहिली, आणि दाराबाहेर येऊन मला म्हणाले, “औषधाचं काम संपलं बाळ. पोटात अन्न गेलं तर उठतील. न्हाय गेलं तर मी काय करू?” अण्णा येऊन गेले. जाताना त्यांचे डोळे भरले होते आणि ते मला म्हणाले, “काय बी कर पद्मे, पण आक्काला खायला घाल.” एकोणीस वर्षांच्या मुलीला असं काही सांगू नये. ती ते अक्षरशः घेते.

वरच्या खोलीत एक भाडेकरू होते. राधानगरीकडचे, लष्करात ऑफिसरांच्या मेसमध्ये सगळी नोकरी स्वयंपाकी म्हणून काढलेली. गल्ली त्यांना चेष्टेने सुभेदार म्हणायची, आणि ते ओ द्यायचे. बोलणं असं मोठ्याने की त्यांनी जिन्यात खाकरलं तरी खाली आमच्या डब्यांची झाकणं थरथरायची. आत्ती त्यांच्या हातचं पाणी घेत नसे आणि भाडं मात्र वेळेवर घेत असे. मी जिन्यात बसून रडत होते त्या दिवशी ते माझ्या शेजारी बसले आणि सगळं ऐकून म्हणाले, “आगं, असले पेशंट उठवलेत मी. डोंगरात आमचा एक मेजर हुता, म्हैनाभर अन्नाला शिवला न्हवता. त्याला सूप दिलं. भाजलेल्या भाज्यांचं. आठव्या दिवशी मला शिव्या द्यायला लागला, तवा कळलं बरा झाला.”

त्यांनी कृती सांगितली आणि मी वहीत लिहून घेतली. टोमॅटो, तांबडा भोपळा, ढबू मिरची, कांदा, गाजर, लसणाच्या कुड्या, सगळं लोण्याचा हात लावून भाजायचं. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, मधे भाज्या, साल काळी पडेपर्यंत. मग साल काढून वाटायचं. लोण्यावर मैदा परतायचा, त्यात बिअर ओतायची, फेस बसू द्यायचा, मग वाटण, मग दूध, आणि शेवटी घोटलेली साय. मी त्यांच्यासमोरच कांदा खोडला, गाजर खोडलं, लसूण खोडला, बिअर खोडली. गाजराच्या जागी कोवळं कणीस लिहिलं. सुभेदारांनी वहीत डोकावून पाहिलं. “ऱ्हायलं काय मग?” म्हणाले. “भोपळाच की.”

पहिल्या दिवशी मी ते भोपळ्याचं दूध केलं. भांडी आत्तीचीच, कोळसे आपटून घेतलेले, पाणी गाळलेलं. भाज्या भाजल्याचा वास घरभर झाला तेव्हा तिने आतल्या खोलीतून विचारलं, “काय करालीस गं?” आणि मला वाटलं, जिंकलं. तिने दोन चमचे घेतले आणि वाटी खाली ठेवली. “गोड हाय नुसतं. बाळाला देत्यात तसलं.” तिसऱ्या दिवशीही दोनच चमचे. मीही चाखून पाहिलं. खरंच मिळमिळीत होतं, त्याला कडाच नव्हती.

“बिअर न्हाय म्हणून,” सुभेदार म्हणाले. “ती जराशी कडवट, जराशी आंबूस. भोपळ्याचा गोडवा मारती. ती पडल्याशिवाय तोंड उघडत न्हाय बघ माणसाचं.”

“पण काका, दारू आहे ती.”

“शिजल्यावर कसली दारू? उडून जाती सगळी. उरतीय ती जवाची चव.” मग जरा थांबून म्हणाले, “पर वैनीला विचारून घाल. न विचारता घालू नगंस.”

विचारलं तर ती नाही म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि उडून जाते हे तर मला पुस्तकातूनच ठाऊक होतं. पाण्याआधी दारू उकळते, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. (पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तेव्हा कळलं की सगळी उडत नाही, थोडी राहतेच. ते कळल्याच्या दिवशी मी मधल्या सुट्टीत डबा उघडला नव्हता.) जव हे धान्यच, धान्य जमिनीच्या वर येतं, दारू उडून जाते, मग उरलं काय वर्ज्य? असा वकिली हिशोब मी मनात केला. सुभेदार दर रविवारी एक बाटली आणत, तिच्यातली पेलाभर त्यांनी मला तांब्यात ओतून दिली, वर बशी झाकली, आणि मी ती ओढणीखाली धरून जिना उतरले.

स्वयंपाकघरात आले आणि आजही मला कळत नाही मी तसं का केलं. मी पाणी गाळायचं दुहेरी फडकं घेतलं, पातेल्यावर ताणून बांधलं, आणि बिअर त्यातून गाळून घेतली. फेस फडक्यावर बसला, पिवळं पाणी खाली उतरलं. मग सवयीने ते फडकं उलटं करून खंगाळायला गेले, आणि तेव्हा कुठे हात थबकला. कांदा काढला, लसूण काढला, मुंगी मरू नये म्हणून कोळसे आपटले, आणि दारू घातली. तीही शुद्ध करून. हे आमच्याशिवाय दुसरं कोण करील! आज लिहिताना हसू येतं, आणि हसू आल्याचीच भीती वाटते.

त्या दिवशी आत्तीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थांबली. तिने मान वळवून पुढच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं, बाहेर कोणी नव्हतं. मग तिने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, वाटी संपवली आणि बोटाने कड पुसून घेतली. “उद्या करनार हाईस न्हवं?” एवढंच म्हणाली.

सुभेदारांच्या रविवारच्या बाटलीचा आता सहा दिवसांचा रतीब झाला. बूच लावून ते बाटली पाण्याच्या बादलीत ठेवायचे. आठवड्याच्या शेवटी तिच्यात फेस उरत नसे, पण कडवटपणा उरायचा. आत्ती रोज एक वाटी, मग दीड, मग दोन वाट्या घेऊ लागली. सोबत भाकरीचा पापुद्रा बुडवून. श्रावणात ती भिंतीला न धरता न्हाणीपर्यंत चालत गेली. एक दिवस कॉलेजातून आले तर दोरीवर गाळण्याचं फडकं धुऊन वाळत होतं. मोलकरीण तर अजून आलेली नव्हती. बाईच्या अंगात जोर आला, म्हणून मी जिना चढून सुभेदारांना सांगून आले. ते म्हणाले, “आता शिव्या कधी देत्यात बघ.”

शिव्या आल्या नाहीत. आलं ते वेगळंच. आत्तीने तिचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतलं. पातेल्यात बिअर पडून फेस वर यायचा तेव्हा ती डोळे मिटून बसलेली असायची. एक दिवस तिने खुंटीवरचा कोट मला खाली काढायला लावला, उन्हाची तिरीप पडली होती तिथे पसरला, आणि त्याची बटणं एकेक बोटाने चाचपली. चार वाजायच्या सुमाराला ती केस विंचरू लागली. घरात आम्ही दोघीच, पण मला सारखं वाटायचं की पुढच्या खोलीत कोणीतरी येऊन बसलंय आणि आपली वाट बघतंय. एकदा दार वाऱ्याने ढकललं गेलं आणि आत्ती म्हणाली, “या.” मी पाहिलं, कोणी नव्हतं. ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मी विचारलं नाही. रोज तांब्या ओढणीखाली धरून जिना उतरताना मी पायरीपायरीला थांबून खालचा कानोसा घ्यायचे. माझ्या लबाडीने घरात काहीतरी शिरलंय, असं मला वाटू लागलं होतं. विज्ञान तिथे काही कामाला येत नव्हतं.

(आमच्या सुनेने गेल्या महिन्यात फोनवर बघून हेच सूप केलं. ओव्हनमध्ये भाज्या भाजल्या, मिक्सरमधून काढल्या, डब्यातलं क्रीम घातलं, आणि कपभर बिअर. आता त्याचं कोणाला काही वाटत नाही. “आई, कसं झालंय?” तिने विचारलं. मी म्हटलं, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. पण मी जिथे बसले होते तिथून पुढचं दार दिसत होतं, आणि मला खुर्ची फिरवून बसावं लागलं.)

मग तो दिवस आला. मी आत्तीला वाढलं आणि मीठ आणायला आत गेले. परत आले तर तिने फळीवरची दुसरी वाटी काढली होती. समोर पाट मांडला होता. आपल्यातलं निम्मं सूप त्या वाटीत ओतून ती रिकाम्या पाटाकडे बघत हळू आवाजात म्हणत होती, “गरम हाय. दमानं घ्या.”

माझ्या हातातलं मीठ सांडलं. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. बिअर, तांब्या, ओढणी, सुभेदार, सगळं. तिचा नियम मी मोडला, पाप माझं, तिचं नाही. सांगताना रडत होते, आणि खरं सांगायचं तर सांगता सांगता मला हलकं वाटत होतं. हे मी लपवणार नाही. मी तिच्या भल्यासाठी सांगितलं नाही. मला त्या पाटाची भीती वाटली आणि तो भार मला एकटीला नको झाला, म्हणून सांगितलं.

आत्तीने चमचा वाटीत ठेवला. मग म्हणाली, “कशाला सांगितलंस गं?”

“आत्ती, मला राहवलं नाही. तुला फसवत होते मी.”

“फसवायला मी काय कुक्कुलं बाळ हाय? पयल्याच चमच्याला कळलंय मला. बावीस वर्षं त्या वासाला दार उघडलंय मी.”

घराण्यात पावसाचा विषय का निघायचा ते मला त्या क्षणी कळलं.

“हे रोज पिऊन यायचे,” ती म्हणाली. “ह्योच वास. फेसाचा. कधी हात उगारला न्हाय, कधी आवाज चढवला न्हाय. येऊन गप बसायचे त्या दाराशी. मी दिवस बुडायच्या आत जेवलेली, आनि हे यायचे दिवस बुडाल्यावर. बावीस वर्षांत एकदा बी एका टायमाला जेवलो न्हाय आमी. ताट वाढताना पदर नाकाला लावून तोंड फिरवत हुतो मी. त्यांनी एकदा म्हटलं, बस की जरा जवळ. मी बसलो न्हाय.”

आमच्याकडच्या बायका मी गेलो, मी बसलो असंच बोलतात, पुरुषासारखं. पण त्या दिवशी ते ऐकताना ती आणि मामा दोघंही बोलत असल्यासारखं वाटलं.

“आनि गाळायचं फडकं कोण धूतंय म्हणून समजलीस? मोलकरणीला वास येईल म्हणून मीच धूत हुतो रोज.”

“मग ठाऊक होतं तर खाल्लंस कशाला?”

“ठावं न्हवतं!” ती एकदम चढ्या आवाजात म्हणाली. तेवढ्यानेही तिला दम लागला. “मी विचारलं न्हवतं, तू सांगितलं न्हवतंस. पोरीनं काय घातलंय मला कुठं दिसलंय, असं मी मनाला सांगत हुतो. जेवत हुतो ह्यांच्या संगं. आता तू सांगितलंस. आता मला ठावं हाय.” तिने आपली वाटी माझ्याकडे सरकवली. मग समोरच्या पाटाकडे न बघता म्हणाली, “त्यांची बी उचल.”

तिने प्रायश्चित्ताचे तीन उपवास केले. गाळलेलं पाणी, तेही एकदाच. मी पाया पडले, अण्णांना निरोप पाठवला, डॉक्टर येऊन ओरडून गेले. चौथ्या दिवशी ती जेवायला बसली, पण तोंडाची चव पुन्हा गेली होती. मी भोपळ्याचं, दुधीचं, कणसाचं, नाना तऱ्हेचं सूप करून पाहिलं. ती दोन चमचे घ्यायची, माझं मन राखायला. अण्णा मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, “चांगली खात हुती की, मधेच काय झालं?” मी सांगितलं नाही. त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुभेदारांना तेवढं सांगितलं. ते पहिल्यांदाच हळू बोलले. “एकतर आधी सांगायचं हुतंस पोरी, न्हायतर कधीच न्हाय.” कोट तिने पुन्हा खुंटीला लावायला लावला. घर रिकामं झालं. मला आधी ज्याची भीती वाटायची ते पुढच्या खोलीतून निघून गेलं होतं, आणि आता त्याच्या नसण्याची भीती वाटू लागली.

आत्ती भाद्रपदातच गेली. डॉक्टर म्हणाले, तापानेच काळीज कमजोर झालं होतं. अव्वा म्हणाली, सुटली. पण ती जायच्या दोन दिवस आधी जे झालं ते लिहिण्यासाठी मी हे सगळं प्रकरण लिहायला घेतलं आहे, आणि गेले चार दिवस तिथे येऊन पेन खाली ठेवते आहे.

भाद्रपदातलं आमचं दहा दिवसांचं पर्व संपलं की क्षमेचा दिवस येतो. वर्षभरात कळत-नकळत जे काही दुखावलं असेल त्याबद्दल प्रत्येकाने प्रत्येकाकडे क्षमा मागायची, थोरांनीसुद्धा धाकट्यांकडे. हात जोडून म्हणायचं, “उत्तम क्षमा.” समोरच्यानेही हात जोडून तेच म्हणायचं, की झालं, दोन्हीकडचं मिटलं. आत्तीने मला उशा लावून बसवायला सांगितलं. गल्लीतली, बस्तीतली, म्हणजे आमच्या मंदिरातली, माणसं येऊन गेली, तिने सगळ्यांना हात जोडले. सुभेदारसुद्धा दारापर्यंत आले आणि बाहेरूनच मोठ्याने “उत्तम क्षमा, वैनी” म्हणाले, आणि ती हसली. सगळे गेल्यावर तिने मला हाक मारली.

“पद्मा, हिकडं ये. समोर बस.” ती मला नेहमी पद्मे म्हणायची. तिने हात जोडले. हातांची नुसती हाडं उरली होती. “उत्तम क्षमा. मला ठावं असून तुझ्या हातनं खाल्लं. चव मी घेतली आनि पाप तुझ्या डोस्क्यावर ठेवलं. लेकराला रोज भ्यायला लावलं. क्षमा कर मला.”

मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. पण क्षमा मागायची ती मी, आणि मागत होती ती. शिवाय मला राग आला होता, आज सांगते, फार राग आला होता. मी जीव टाकून खाऊ घालत होते आणि तिने एका शब्दासाठी वाटी सरकवली होती. मी उठले आणि म्हटलं, “थांब, दूध उतू जाईल,” आणि स्वयंपाकघरात गेले. शेगडी पेटलेलीच नव्हती. मी तिथे उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग दारातून डोकावून पाहिलं. आत्ती माझ्या रिकाम्या जागेकडे बघत तशीच बसली होती, आणि तिचे हात अजून जोडलेले होते.